तिसऱ्या हाताची जागा

४ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणारा मीच आहे, चालेल.

उजवा हात कोपराच्या वरपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. मनगट ते कोपर, दोन्ही हाडं मोडली. आत पट्ट्या आणि स्क्रू. नाकावर वेगळी पट्टी. मोडलं कशाने, तर एअरबॅगने. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूने!

हकीकत आत्ताच नोंदवून ठेवतो, नंतर लोक तिखटमीठ लावतात. रविवारी सकाळी हिला गाडी शिकवत होतो. गाडी माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलची, म्हणजे माझ्या पायाशीही एक ब्रेक असलेली. ही स्टिअरिंगवर, मी डावीकडे शेजारी. पोस्टाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा. ही त्याला घासणार हे मी वेळेत ओळखलं. उजवा हात मध्ये घालून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. टेम्पोला ओरखडासुद्धा नाही. दिव्याचा खांब मध्ये आला.

त्या क्षणी माझा हात स्टिअरिंगवर आडवा. एअरबॅग फुटते ती बरोबर तिथूनच. हात उडाला तो थेट माझ्या नाकावर. वडिलांनीही मला कधी इतकी जोरात दिली नव्हती, ती माझ्याच हाताने दिली.

हिला फक्त मनगटावर थोडं लाल. म्हणजे वाचवली. बॅग फुटायच्या आधी ही काहीतरी ओरडली होती, पण आवाजात ते बुडालं. विचारलं नाही. बायका ओरडतातच.

७ मार्च

डॉक्टर म्हणाले, तीन महिने शिकवणं विसरा. मी एक महिना धरलाय. डॉक्टरांना आकडा फुगवायची सवय असते.

संकल्प: हात बरा होईपर्यंत तोंडाने शिकवायचं. निव्वळ आवाजावर. नाहीतरी माझा आवाज चांगलाच आहे.

विद्यार्थ्यांना सुट्टी कळवायला फोन केले. एका पोराच्या आईने उचलला आणि आत हाक मारली, अरे, तिसऱ्या हाताचा फोन आहे. मग पोरगा ततपप करायला लागला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की सगळे मला मागे तिसरा हात म्हणतात. कित्येक वर्षं! आणि मला पत्ता नाही.

ऊर भरून आला. अडचणीच्या वेळी दोन हात कमी पडतात तेव्हा धावून येणारा तो मी. बोर्डावर घालावं का? पेंटरला विचारणार.

११ मार्च

गॅरेजमध्ये जाऊन आलो. पुढचा भाग चेपलाय. दोन्ही बॅगा बाहेर लोंबतायत, मेंढीची आतडी लोंबावीत तशा. गॅरेजवाल्याने सगळं दाखवलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, साहेब, तुमच्या बाजूचा ब्रेक मी तपासला, एकदम टाइट आहे. मग दाबला का नाही?

अडाणी प्रश्न. हात कामात असताना पाय कसा दाबणार? एका वेळी माणूस एकच निर्णय घेतो. त्याला म्हटलं, तू गाड्या दुरुस्त कर.

घरी येताना मात्र तो प्रश्न बरोबर आला. जेवतानाही होता. पाय तिथेच होता, ब्रेक तिथेच होता. असो.

शर्टच्या कॉलरवर पांढरी पूड सापडली. बॅग फुटते तेव्हा उडते ती. पण हा शर्ट त्या दिवशीचा नाही. प्लास्टरची असेल.

१६ मार्च, दुपारी ४

आज बसने दवाखान्यात गेलो. पुढच्याच बाकावर जागा मिळाली. उजवीकडच्या गृहस्थांनी पेपर उघडलेला. बसने वळण घेतलं आणि प्लास्टरचा हात आपोआप उठला. पेपरच्या आरपार गेला. गृहस्थ चिडले. मी माफी मागितली नाही, कारण हात मी उचललाच नव्हता.

मग कोणी उचलला?

दुपारी पडलो होतो, तेव्हाही तेच. डोळा लागतो न लागतो तोच फट् असा आवाज, आणि हात छातीवरून उजवीकडे. जागा झालो तेव्हा प्लास्टर भिंतीवर आपटलेलं. रंगाचा टवका उडाला. ही दारात उभी होती. नुसती बघून आत गेली.

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, होतं असं, जाईल. आवाजाचं सांगितलं नाही.

२२ मार्च

हिने जेवायच्या टेबलावरची जागा बदलली. इतकी वर्षं माझ्या उजवीकडे बसायची, आता डावीकडे. डाव्या हाताने जेवताना मला मदत व्हावी म्हणून. न सांगता किती विचार करते!

आज जेवताना स्वतःहून बोलली. ही ब्रेडच्या बेकरीत आहे, भट्टीवरून आता सुपरवायझर झालीय. एक जूनपासून गावाबाहेरची नवी शाखा हिच्याकडे. पाळी पहाटे सहाची, पहिली बस सातची. म्हणजे एक जूनला हातात लायसन्स पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला जाणार. मी म्हटलं, काळजी करू नकोस, पंधरवड्यात मी तुझ्या शेजारी असेन. तिने वाढलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि पाणी आणायला गेली. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता.

३१ मार्च

घराखालच्या माझ्या ऑफिसच्या काचेतून समोरचं सर्कल दिसतं. बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघतो. निम्म्या गावाला मीच शिकवलंय. औषधांच्या दुकानवाला, पार्लरवाली, दातांच्या डॉक्टरीणबाई.

आज एक गोष्ट लक्षात आली. माझे विद्यार्थी सर्कलला वळताना डावा हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवतात. सगळे! एकाच हाताने गाडी वळवतात. काय रुबाब! दुसऱ्यांकडे शिकलेली माणसं दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळतात. मी असं मुद्दाम शिकवल्याचं आठवत नाही, पण उत्तम गुरूचं बरंचसं न शिकवताच उतरतं.

डॉक्टरीणबाई तर वळताना शेजारच्या रिकाम्या सीटकडे एकदा बघतात. आदर. दुसरं काय.

१३ एप्रिल

प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात माझा वाटत नाही. बारीक, केसाळ, मनगटाजवळ भाजल्याचा तपकिरी डाग. बॅगेतली हवा गरम असते म्हणे.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने पेन्सिल मुठीत दिली आणि म्हणाली, तळवा वर करा. झाला नाही. पालथा हात पालथाच. मी म्हटलं, जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, त्याला सवयच नाही. ती हसली नाही. म्हणाली, दुकानात सुट्टे पैसे कसे घेणार? दुपारी कळलं. दुकानदाराने नाणी ठेवली, ती घरंगळत बरणीमागे गेली. तो म्हणाला, राहू द्या, मी वेचतो.

दिवसातून चारदा व्यायाम सांगितलाय. मी सहादा करणार.

१५ एप्रिल

काल व्यायाम एकदा केला. बाकीचे आज भरून काढतो.

१५ एप्रिल, संध्याकाळ

उद्या.

२१ एप्रिल

गाडी दुरुस्त होऊन आली. गॅरेजवाला अंगणात लावून गेला. हिला म्हटलं, चल, एक चक्कर मारू. ती म्हणाली, आज बेकरीत जादा काम आहे. हल्ली रोजच जादा काम असतं.

एकटाच जाऊन माझ्या सीटवर बसलो. दार लावलं. गाडी बंद, रस्ता नाही, काही नाही. समोर नवं झाकण, गुळगुळीत. आत नवी एअरबॅग घडी घालून बसलीय. उजवीकडे स्टिअरिंग, त्याच्या पोटातही एक. मग तो वास आला. फटाके उडवून झाल्यावर येतो तसा. गॅरेजवाल्याने सगळं पुसलंय, मी स्वतः विचारलं होतं. आणि रिकाम्या ड्रायव्हर सीटवरून हिचा आवाज. त्या दिवशीचाच, तेच ते ओरडणं, पण शब्द लागत नाहीत.

हात उठला. बंद गाडीत, रिकाम्या सीटसमोर, स्टिअरिंग धरून डावीकडे ओढायला लागला. डाव्या हाताने सोडवावा लागला.

भीती वाटली. खूप वाटली. कुठेतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.

हिला सांगितलं, गाडी एक नंबर झालीय.

२ मे

आज काचेतून जे दिसलं त्याने तळपायाची आग मस्तकात गेली. सर्कलला पलीकडच्या गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली. ते स्कूल चालवणाऱ्या बाईंना मी गप्पबाई म्हणतो, कारण शिकवताना तोंड उघडत नाहीत; फी कसली घेतात देव जाणे. गाडीत गप्पबाई शेजारच्या सीटवर, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसलेल्या, गारठल्यासारख्या. आणि स्टिअरिंगवर कोण? तर ही. जादा काम!

वळताना हिचाही डावा हात मांडीवर गेला. एवढं एक समाधान. शिक्का माझाच.

हिने घरी आल्यावर लपवाछपवी केली नाही. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, तुम्ही काचेत होतात, पाहिलं मी. मला एक तारखेला गाडी घेऊन जायचंय. तुमच्या शेजारी बसून मला ते शिकता येणार नाही. मी म्हटलं, ज्याने जीव वाचवला त्याच्या शेजारी? तेव्हा ती म्हणाली, मी बरोबर वळत होते. टेम्पो दोन हात लांब होता. मी ओरडले, हात काढा, हात काढा. तुम्ही ऐकलं नाही.

अपघाताने माणसाच्या आठवणीत गोंधळ होतो. मी वाद घातला नाही.

पण आता त्या आवाजाला शब्द लागलेत. दिवसभर तेच चाललंय. हात काढा. नळ सोडला, हात काढा. फ्रिज उघडला, हात काढा.

८ मे

ही टेस्टमध्ये नापास. सिंकपाशी उभी राहून बराच वेळ हात धूत होती. एवढंच म्हणाली, डावा हात. पुन्हा तारीख मिळालीय, सत्तावीसची. त्यातही गेली तर एक जून हुकला.

हा अन्याय आहे. मी स्वतः जाऊन परीक्षकाला जाब विचारणार. माझ्या स्टाइलचा हा अपमान आहे.

११ मे

गेलो होतो. भाषण पाठ करून गेलो होतो.

परीक्षक चांगला माणूस निघाला, तीच पंचाईत झाली. नाव सांगताच उठून खुर्ची दिली. म्हणाला, अहो, तुम्हाला भेटायचंच होतं. तुमची माणसं आम्हाला लांबून ओळखू येतात. वळण आलं की डावा हात मांडीवर, आणि थांबतात. कोणाची तरी वाट बघतात. एका मुलीला मी विचारलं, हात का काढला? ती म्हणाली, सरांचा येतो ना, जागा करून दिली.

मग तो हसला. मीही हसलो. पाठ केलेलं भाषण तसंच परत आणलं.

संध्याकाळी काचेशी बसलो होतो. औषधांच्या दुकानवाला आला. हात मांडीवर. पार्लरवाली आली. हात मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. गावभर माणसं अर्ध्या स्टिअरिंगवर वळतायत, उरलेलं अर्धं माझ्यासाठी सोडून. मी इथे काचेमागे बसलोय आणि प्रत्येक गाडीत माझी जागा आहे. जिवंतपणी एवढ्या ठिकाणी असणं बरं नाही.

पडदा ओढून घेतला.

१३ मे

पडदा धुवायला टाकायचं निमित्त करून कायमचाच लावून टाकला. उन्हाने रजिस्टरं पिवळी पडतात.

संकल्प: सर्व जुन्या विद्यार्थ्यांना मोफत उजळणी वर्ग. एकेकाला मेसेज टाकला, डाव्या अंगठ्याने. लिहिलं, वळताना डावा हात स्टिअरिंगवरच ठेवावा, मी येणार नाही.

१६ मे

मेसेजला एकच उत्तर आलं. काळजी घ्या सर.

पुन्हा वाचल्यावर कळलं, मेसेज जरा निरवानिरवीसारखा झालाय.

१८ मे

फिजिओवाली म्हणते, मनावर घ्या, नाहीतर तळवा असाच पालथा राहील. मनावर घेतलंय. सध्या मनावर बरंच काही आहे.

हिच्या हाताला काय इलाज केला ते विचारलं. गप्पबाई आता मागच्या सीटवर बसतात म्हणे. शेजारी कोणीच नाही. मागे बसून शिकवायचं! उद्या घरी बसून शिकवतील.

हिला म्हटलं, एकदा मला शेजारी बसू दे. हात हलवणार नाही, शपथ. तिने माझ्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, पास झाल्यावर.

२७ मे

पास!

ही धावत वर आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. मी म्हटलं, पाया माझा होता. त्यावर ही हसली. किती दिवसांनी हसली! मग म्हणाली, रविवारी बेकरीचा रस्ता बघून येऊ, तुम्ही चला शेजारी. मी कबूल केलं होतं ना.

आनंदाने व्यायाम दोनदा केला. तळवा अर्धा वळला. की वळल्यासारखा वाटला.

३० मे

उद्याची तयारी. गप्पबाईंची पद्धत करून बघितली. हात मांडीखाली. माझा तर पालथाच असतो, त्यामुळे छान बसतो. खुर्चीवर बसून गाडीची कल्पना केली. पोस्टाचा कोपरा आणला, टेम्पो आणला, सगळं आणलं. हात उठू बघत होता, पण माझं खाल्लेलं अंगी लागलेलं आहे. उठला नाही.

जिंकलो. उद्या हिला दाखवायचं, की मी नुसता बसू शकतो.

३१ मे, संध्याकाळ

गेलो होतो. सुखरूप आलो. सगळं ठीक झालं.

क्रमाने लिहितो. मी बेल्ट लावला, उजवा हात मांडीखाली घातला, वर बसलो. ही बघत होती. मग इंडिकेटर देऊन गाडी काढली. छान चालवते. आरशात बघते, गिअर गुळगुळीत. सरळ रस्त्याला दोन्ही हात स्टिअरिंगवर, नऊ आणि तीनच्या काट्यावर, अगदी सांगितल्याप्रमाणे. मी तोंडही उघडलं नाही. माझा मलाच अभिमान वाटत होता.

मग पोस्टाचा कोपरा आला. खांब अजून वाकलेला आहे. फट् ऐकू आलं, नेहमीचंच. हात मांडीखाली वळवळला. मी सगळं वजन त्याच्यावर टाकलं, आतले स्क्रू टोचेपर्यंत. नाही उठला. माझा हात उठला नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

तरी हिचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला. हळूच, एखाद्याला बाकावर सरकून जागा द्यावी तसा. मांडीवर जाऊन बसला आणि थांबला. हिचं लक्ष समोर होतं, हिला पत्ताही नव्हता. अर्धं स्टिअरिंग मोकळं, माझ्यासमोर. एका हाताने ही वळण घेत होती आणि गाडी खांबाच्या बाजूला सरकत होती. माझ्या पायाशी ब्रेक होता. या वेळी दाबला.

गाडी थांबली. हिने खाली पाहिलं. आपला डावा हात मांडीवर बघून ही इतकी घाबरली, की मला ते पाहवलं नाही. मग तो उचलून परत जागेवर ठेवला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. तिथून पुढे बेकरीपर्यंत मी मागच्या सीटवर बसून गेलो.

१ जून, सकाळी ५.४०

ही गेली. एकटी. डबा, पाण्याची बाटली, नव्या शाखेच्या किल्ल्या. दारातून म्हणाली, अहो, येते. घाबरलेली होती, पण थांबली नाही. मी म्हटलं, सावकाश जा. बाकी सगळं गिळलं.

खाली ऑफिसात येऊन पडदा बाजूला केला. गाडी सर्कलला आली. शेजारची सीट रिकामी, मागची रिकामी. हिने वळण घेतलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. शेवटपर्यंत. डावा हललासुद्धा नाही. किती सुंदर वळली! मी शिकवलेल्यांपैकी इतकं चांगलं सर्कल कोणी घेतलं नव्हतं.

१ जून, सकाळी ९

आज नवा विद्यार्थी येणार होता. प्लास्टर निघाल्यानंतरचा पहिलाच. त्याला फोन करून गप्पबाईंचा नंबर दिला. तो म्हणाला, का हो सर, तुमचंच नाव ऐकून आलो होतो. मी म्हटलं, हात अजून बरा नाही.

फोन डाव्या हाताने केला. हेही डाव्यानेच लिहितोय. उजवा मांडीखाली आहे. केव्हा घातला ते आठवत नाही.